ओवीखाली नाव कुणाचं?

साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’पासून सरोजिनी बाबरांच्या लोकसाहित्य समितीपर्यंत जात्यावरच्या ओव्या जमवण्याची आपली परंपरा सर्वांना ठाऊक आहे. तिचं मोल मोठंच. पण अशा संग्रहांत ओव्या सहसा भाऊ, माहेर, पंढरी अशा विषयवार लावलेल्या असतात आणि गाणारी बाई ‘लोक’ म्हणून गर्दीत मिसळून जाते. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारतीय नागरिक झालेले गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात पुण्याहून उभं केलेलं काम इथे वेगळं ठरतं. लाखाच्या वर ओव्या जमल्या हे खरंच, पण ओवीपुढे गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं गेलं, याला मी जास्त महत्त्व देतो. पुढे संगणक आणि संगीत या दोन्हींत मुरलेले बर्नार्ड बेल आले आणि कागदावरच्या ओवीला चाल मिळाली. शब्दांचा अभ्यासक एकटा असता तर चाल हरवलीच असती.

१९९६मध्ये ही मंडळी परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला पोचली. तिथे गंगूबाई अंबोरे गायल्या. घर सुटलेलं, आसरा गावातल्या देवळाचा. त्यांनी गायली ती वनवासातली एकटी सीता. रामायणाच्या लोकपरंपरेवर प्रबंध लिहिणारा याला ‘पाठभेद’ म्हणून मोकळा होईल. मला ही सरळसरळ मीमांसा वाटते. एवढ्या मोठ्या कथेतून कोणता प्रसंग उचलायचा, कुठे थांबायचं, आवाज कुठे कापू द्यायचा, हे गंगूबाईंनी ठरवलं. अभ्यासकाचं काम तरी याहून निराळं काय असतं?

यावर आक्षेप ठरलेला: ओवी कुणा एकीची नसते, आईकडून लेकीकडे आणि सासरच्या जात्यावर जाते, मग नाव लावणं खोटं नाही का? उलट, नाव-गाव नोंदलं तरच मावळातली बाई काय बदलते आणि आपल्या मराठवाड्याच्या ज्वारीच्या पट्ट्यातली काय, हे कळतं. सामाईक मालातही प्रत्येकीची भर असतेच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. या बायका स्वतःला कलावंत म्हणवत नव्हत्या, त्या दळत होत्या. कलावंतपण त्यांच्यावर बाहेरून लादलं गेलं. हे अर्धं मान्य. पण गिरणी आली, पहाटेचं दळण सुटलं, तरी ओव्या ओठांवर राहिल्या. निव्वळ श्रम हलके करण्यासाठीच त्या असत्या, तर जात्याबरोबरच अडगळीत गेल्या असत्या.

२०१७पासून ‘परी’ हे संकेतस्थळ हा ठेवा टप्प्याटप्प्याने लोकांपुढे आणत आहे; काही मूळ गायिकांना पुन्हा गाठून चित्रीकरणही झालं. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला आणि त्याच्या लातूरच्या उपकेंद्राला इथून उचलण्यासारखं बरंच आहे. लोकसाहित्यावरच्या प्रबंधात गायिकेला ऋणनिर्देशातल्या एका ओळीवर बोळवण्याऐवजी तिने लावलेला अर्थ तिच्या नावानिशी मूळ प्रकरणात यावा आणि मौखिक परीक्षेला तिलाही समोर खुर्ची मिळावी.