परसातील आग : इंधन कोणते, कचरा कोणता?

माघ-फाल्गुनात गोव्यातील परसांत आंबा, फणस, काजूच्या पाल्याचा खच पडतो. तो कोपऱ्यात लोटून पेटवून देण्याची रीत जुनी आहे. शेकोटी आणि पाचोळ्याची आग वरकरणी सारखीच दिसते. कायदा मात्र इंधन आणि कचरा यांत भेद करतो.

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास संपूर्ण मनाई केली. साध्या प्रकरणी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. बागेतील कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवावा, असे त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत म्हटले होते. पाला माडाच्या आळ्यात पसरल्यास ओलावा टिकतो आणि कालांतराने त्याचे खत होते. प्लास्टिक तर मुळीच जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो.

लाकडाची शेकोटी म्हणजे कचरा नव्हे. तथापि निष्काळजीपणे आग हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. अभयारण्याला धोका पोहोचेल अशी आग पेटविण्यास वन्यजीव संरक्षण कायदाही मनाई करतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यातील आगी विझविण्यासाठी नौदल व हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली होती. उन्हाळ्यातील वाळलेले गवत किती झपाट्याने पेट घेते, याचा प्रत्यय तेव्हा आला.

म्हणून शेकोटीसाठी उथळ खड्डा खणून भोवती चिऱ्यांचे कडे करावे. घर, गवताची गंजी व झाडांच्या फांद्यांपासून सात-आठ मीटर अंतर राखावे. वर वीजवाहिनी नसावी. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, त्या वेळी आग पेटवू नये. रॉकेल वा पेट्रोल ओतू नये. पाण्याची बादली हाताशी आणि जाणते माणूस जवळ असावे.

ज्वाळा मावळली म्हणजे आग विझली असे नव्हे. राखेखालचा निखारा तासन्‌तास धुमसतो आणि वाऱ्याच्या झुळकेने पुन्हा चेततो. राखेवर पाणी ओतावे, ती काठीने ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे; ऊब उरली नाही याची खात्री करूनच जागा सोडावी. आग आवाक्याबाहेर जाताच विलंब न लावता अग्निशामक दलाला १०१ क्रमांकावर कळवावे.