प्रल्हाद शिंदे यांचा गळा कसा ऐकावा

प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ‘पहाडी’ होता, एवढे म्हणून बहुतेकजण पुढे जातात. विद्यार्थी मित्रांकडून आणखी एक शेरा कानी येतो : गळा मोठा होता, पण गाण्यात नाजूकपणा नव्हता. हा शेरा आम्हांस मान्य नाही. नाजूकपणा हा गाण्याचा एक गुण आहे, एकमेव गुण नव्हे.

हा आवाज घडला कोठे, ते आधी पाहावे. सिनेमाचा पार्श्वगायक बंद खोलीत मायक्रोफोनजवळ उभा असतो. तो कुजबुजला तरी टिपले जाते. प्रल्हाद शिंदे कव्वालीतून पुढे आले. कव्वालीच्या मुकाबल्यात समोर उघडे मैदान किंवा वस्तीतला चौक, बाजूला ढोलक आणि टाळ्या, खांबाला बांधलेला कर्णा. या कर्ण्यातून खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. मधला, धार असलेला आवाज तेवढा लांब जातो. ती धार त्यांच्या गळ्यात होती. म्हणूनच मांडवाच्या टोकाला बसलेल्यालाही ते समोर गात आहेत असे वाटे.

मात्र नुसत्या जोरावर हे साधत नाही. जोर लावला की पुष्कळांचे शब्द फाटतात. यांचा शब्द सुटा आणि पुरा येतो. भीमगीतांत तर हे फारच मोलाचे. तेथे लोक चालीइतकेच ओळीसाठी बसलेले असतात. ओळ कळली नाही तर कवीची मेहनत वाया. (वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ सालीच गेले, हे जाता जाता नोंदवतो.) श्वासाची गंमतही ऐकण्यासारखी आहे. कोरस ध्रुवपद उचलतो, तेवढ्यात गायक दम घेतो आणि नेमका समेचा अंदाज धरून पुन्हा ओळीत शिरतो. ताल हातात पक्का नसेल तर येथे फजिती ठरलेली.

‘पाऊले चालती’ हे गाणे या दृष्टीने मुद्दाम ऐकावे. मैदान भरणारा तोच आवाज येथे आवरून धरलेला आहे. चाल चालणाऱ्याच्या पावलाची, आणि गायक तिला कोठेही ढकलत नाही. ज्याच्याकडे जोर आहे त्यानेच तो राखून ठेवावा, तेव्हा ऐकणाऱ्याला तो जाणवतो.

भीमजयंतीला ज्याचा आवाज घुमला, त्यानेच विठ्ठलाची गाणी का गावीत, असे आमच्यातले काही सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ‘आता तरी देवा’ ऐकताना आम्हांस त्यात भक्ताची लीनता फारशी सापडत नाही. दमलेल्या माणसाची फिर्याद सापडते. त्या प्रश्नातला शेवटचा ‘का’ लाडिक नाही, उत्तर मागणारा आहे. हे केवळ शब्दांनी झालेले नाही, गळ्याने झाले आहे.

काही ध्वनिमुद्रणांत एको भरमसाट आहे, तेथे शब्द बोथट होतात. तेवढी वगळावीत. बाकीची रात्री, आवाज अगदी लहान ठेवून ऐकावीत. शब्द तेव्हाही सुटेच येतात.