माशी किती जाड, खाच किती रुंद?

वस्तीतल्या कुठल्याही गच्चीवर उभे राहा. हात सरळ करा, एक डोळा मिटा आणि अंगठा वर करून चार-पाच घरे पलीकडची पाण्याची काळी टाकी त्याच्याआड झाका. मीटरभर व्यासाची टाकी दोन सेंटिमीटरच्या अंगठ्यामागे नाहीशी होते. आता कोपर वाकवून अंगठा निम्म्या अंतरावर आणा. टाकीबरोबर शेजारचा जिनाही दिसेनासा होतो. अंगठा तेवढाच, टाकीही तेवढीच; बदलले ते फक्त डोळ्यापासूनचे अंतर.

स्पर्धेच्या पिस्तुलाच्या साइट निवडण्याचे बरेचसे गणित या एका प्रयोगात आहे. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी एक उभी पट्टी असते. ती फ्रंट साइट. जुने बंदूकवाले तिला माशी म्हणत. मागच्या बाजूला रिअर साइट असते आणि तिच्यात चौकोनी खाच. नेम धरताना माशी खाचेच्या मधोमध हवी, दोघींच्या वरच्या कडा एका रेषेत हव्यात आणि माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या फटी दिसायला हव्यात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांनुसार पिस्तुलावर भिंग, दुर्बीण किंवा लेझर चालत नाही. जे काही करायचे ते या पट्टीने आणि खाचेनेच. म्हणूनच त्यांच्या रुंदीबद्दल रेंजवर ऐकीव सल्ले भरपूर मिळतात.

गैरसमज : खाच माशीपेक्षा रुंद हवी, नाहीतर फट दिसणारच नाही.

वस्तुस्थिती : मोजपट्टीवर खाच माशीपेक्षा अरुंद असली तरी फट दिसते. हात ताणल्यावर खाच डोळ्यापासून ६५ सेंटिमीटरवर आहे आणि माशी तिच्यापुढे ३३ सेंटिमीटरवर, म्हणजे डोळ्यापासून ९८ सेंटिमीटरवर, असे धरू. ४.५ मिलिमीटरची माशी खाचेच्या जागी साधारण ३ मिलिमीटरचीच भासते. खाच ४ मिलिमीटरची असेल तर प्रत्येक बाजूला अर्ध्या मिलिमीटरची फट उरते. दुकानात दोन्ही भाग शेजारी ठेवून ‘ही हिच्यात मावतच नाही’ म्हणणारा ग्राहक अंगठा आणि टाकीचा प्रयोग विसरलेला असतो.

गैरसमज : फट जितकी बारीक, नेम तितका अचूक.

वस्तुस्थिती : यात तथ्य आहे, पण अर्धेच. खाचेत माशी १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर भरकटतो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असते. म्हणजे बाकी सगळे बिनचूक असूनही हा नेम थेट सातात जातो. याउलट साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात १ मिलिमीटर हलला, तर छर्राही १ मिलिमीटरच सरकतो. हाताच्या थरथरीला घाबरणारे नवशिके खरे तर खाचेतल्या चुकीला घाबरायला हवेत.

म्हणून फट बारीक करण्याचा मोह होतो. पण डोळा फटीची रुंदी मोजत नाही, तो डावी आणि उजवी फट ताडून पाहतो. फट फार मोठी असेल तर थोडासा फरक लक्षात येत नाही. फार बारीक असेल तर धूसर दिसणारी खाच उजेडच गिळून टाकते. रेंजवर प्रकाश कमी असला की माशी आणि खाच मिळून एकच काळा ठोकळा दिसतो. मग नेमबाज फट शोधत बसतो, नेम लांबतो, हात थकतो आणि ट्रिगर घाईने ओढला जातो. फट अशी हवी की ती शोधावी लागू नये.

गैरसमज : मोठ्या खेळाडूच्या पिस्तुलावर जे माप, तेच आपल्यालाही.

वस्तुस्थिती : माप पिस्तुलाचे नसते, पिस्तूल आणि डोळा यांच्यामधल्या अंतराचे असते. अकादमीतले एकच पिस्तूल सकाळी उंच मुलाच्या हातात असते आणि संध्याकाळी तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या. तिच्या डोळ्यापासून खाच ५५ सेंटिमीटरवरच असेल, तर त्याच माशी-खाचेतली फट तिला त्या मुलापेक्षा जवळपास १.४ पट रुंद दिसते. तिचे छर्रे आडवे पसरू लागले की ‘एकाग्रता कमी पडते’ म्हणण्याआधी एकदा तिच्या हाताची लांबी पाहावी.

गैरसमज : एकदा जमलेली जोडी सगळ्या प्रकारांना चालते.

वस्तुस्थिती : लक्ष्य बदलले की माशीची भासणारी रुंदी तीच राहते, पण तिची लक्ष्याशी तुलना बदलते. डोळ्यापासून एक मीटरवर पट्टी धरून लक्ष्याचा काळा गोल मोजला असे समजा. १० मीटरवरचा ५९.५ मिलिमीटरचा गोल त्या पट्टीवर ६ मिलिमीटर भरतो, २५ मीटरवरचा २०० मिलिमीटरचा गोल ८, आणि तोच गोल ५० मीटरवर फक्त ४. त्यामुळे १० मीटरवर काळ्या गोलाच्या पाऊण रुंदीची वाटणारी माशी ५० मीटरवर त्या गोलाहून जाड दिसते.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात तर हा बदल एकाच स्पर्धेत होतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते याच प्रकारात. आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. या प्रकारात पहिल्या ३० गोळ्या २०० मिलिमीटरच्या काळ्या गोलावर सावकाश मारायच्या असतात. पुढच्या ३० गोळ्यांसाठी लक्ष्य वेगळे असते. त्याचा काळा गोल ५०० मिलिमीटरचा, आणि प्रत्येक गोळीला मिळतात फक्त ३ सेकंद. बारीक फट न्याहाळायला तिथे सवड कुठली? पिस्तूल वर येताना माशी आणि खाच चटकन जुळलेली दिसली पाहिजे. दोन्ही टप्प्यांत निभावेल अशी फट शोधणे हा त्यातला मधला मार्ग.

गैरसमज : नजर दहावर रोखायची.

वस्तुस्थिती : डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, आणि पिस्तुलात ते अंतर माशीचे असते. लक्ष्य धूसरच दिसायला हवे. एअर पिस्तुलात नेम काळ्या गोलाच्या मध्यावर नसतो, त्याच्या खालच्या पांढऱ्या भागावर असतो, कारण काळ्यावर काळी माशी हरवते. छर्रा मध्यात लागेल अशी साइट आधीच जुळवलेली असते. चष्मा असणाऱ्याने डोळ्यांच्या डॉक्टरांना माशीचे अंतर सांगून नेमबाजीची वेगळी काच करून घ्यावी. लांबचे स्पष्ट दाखवणाऱ्या काचेतून माशी धूसर दिसत असेल, तर रुंदी बदलून काही साधत नाही.

गैरसमज : पॅरिसमध्ये तो तुर्की नेमबाज खिशात हात घालून पदक घेऊन गेला, साइटचे हे सगळे चोचले आहेत.

वस्तुस्थिती : २०२४च्या ऑलिंपिकमध्ये युसुफ डिकेचने मिश्र सांघिक रौप्य जिंकले तेव्हा त्याच्या डोळ्यांवर नेमबाजीची खास काच आणि झापड नव्हती. पण पिस्तुलावर माशी आणि खाच होतीच. आणि खिशातला हात ही ऐट नव्हे. एका हाताने नेम धरणारे कितीतरी नेमबाज मोकळा हात स्थिर राहावा म्हणून तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात.

मग निवडायचे कसे? आधी पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करावी. मग कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर नेहमीच्या पवित्र्यात उभे राहून फक्त फटी पाहाव्यात. दोन्ही फटी सहज दिसल्या आणि माशी मधोमध आहे की नाही हे लगेच कळले, तर सुरुवात ठीक आहे. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बऱ्याच स्पर्धा-पिस्तुलांत खाच स्क्रूने कमी-जास्त होते, त्यामुळे माशी तशीच ठेवून खाच बदलणे सोपे. प्रत्येक मापावर दहा-दहा छर्ऱ्यांचे ग्रुप वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उजेडात मारावेत आणि वहीत लिहून ठेवावेत. आडवा पसारा कमी झाला तर बदल उपयोगी ठरला. पसारा उभाच असेल, तर आधी वरच्या कडांची रेषा आणि ट्रिगरवरचे बोट तपासावे. एका चांगल्या दिवसाच्या भरवशावर स्क्रू फिरवू नये.

शेवटचा मुद्दा वाढत्या वयाच्या मुलांच्या आईवडिलांसाठी. हात लांबला की खाच डोळ्यापासून दूर जाते आणि गेल्या वर्षी पुरेशी वाटणारी फट आक्रसते. ज्या जूनमध्ये शाळेच्या गणवेशाची बाही मनगटाच्या वर सरकलेली दिसेल, त्या जूनमध्ये पिस्तुलाची खाचही पुन्हा तपासून घ्या.