तुटलेली तार आणि दोन पावलें



पावसाळ्यांत तुटून पडलेल्या विजेच्या तारेला हात लावूं नये, हें मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु तारेस स्पर्श न करतां नुसतें जवळून चालणारें माणूस वा जनावरहि दगावूं शकतें. याचें कारण समजण्यासाठीं बल, क्षेत्र आणि विभव या तीन कल्पना निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत.

१७८५ सालीं कूलोंब या फ्रेंच शास्त्रज्ञानें पिळाच्या तराजूनें दाखविलें कीं, दोन बिंदुभारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतें. अंतर दुप्पट झालें कीं बल चौथाई होतें. पुढील शतकांत फॅरडेनें निराळी दृष्टि दिली. भार एकटा असला तरी भोंवतालीं क्षेत्र निर्माण करतो. दुसरा भार तेथें येतांच त्यावर बल चालतें.

विभव म्हणजे एकक धनभार फार दुरून त्या ठिकाणीं आणण्यास लागणारें कार्य. तो केवळ अंतराच्या व्यस्त प्रमाणांत घटतो, आणि क्षेत्रासारखी त्याला दिशा नसते. एक मायक्रोकूलोंबचे दोन धनभार एक मीटर अंतरावर ठेवले, तर मध्यबिंदूशीं दोन्ही क्षेत्रें परस्परांस छेदून शून्य होतात. विभवांची मात्र बेरीज होऊन ती सुमारें ३६,००० व्होल्ट भरते! तात्पर्य, विभव मोठा म्हणजे बल मोठें, असें नाहीं. महत्त्व आहे तें विभवांतील फरकाला. एकाच तारेवर दोन्ही पाय टेकून बसलेला कावळा सुखरूप राहतो, तो यामुळेंच.

आतां पडलेल्या तारेकडे वळूं. तिच्या टोंकापासून प्रवाह जमिनींत चहूंकडे पसरतो. माती सर्वत्र सारखी धरल्यास विभव बिंदुभाराप्रमाणेंच उतरत जातो. एका मीटरवर तो १,००० व्होल्ट असेल, तर दोन मीटरवर ५०० होईल. म्हणजे तेथें टाकलेल्या एका पावलांत ५०० व्होल्टांचा फरक! दहा आणि अकरा मीटरांमध्यें तोच फरक अवघा ९ व्होल्ट उरतो. गाईम्हशींचे पुढचे व मागचे पाय दूर असतात आणि प्रवाह छातींतून जातो. म्हणून त्या अधिक बळी पडतात.

तेव्हां अशी तार दिसल्यास जवळ जाऊं नये, इतरांसहि जाऊं देऊं नये, आणि वीजकंपनीस तत्काळ कळवावें. चुकून जवळ सांपडल्यास धांवूं नये. दोन्ही पाय जुळवून, ते न उचलतां, हळूहळू सरकत दूर व्हावें. पावलांतील अंतर जितकें कमी, तितका धोका कमी.