आधी गरजेचे, मग बाकीचे

घर बांधायला पैसे कमी असले, तर माणूस काय करतो? आधी एक खोली आणि स्वयंपाकघर बांधून राहायला जातो. बाकीच्या खोल्या पैसे येतील तशा बांधतो. संगणकाच्या कामातही अशी एक रीत आहे. तिला ‘अजाइल’ म्हणतात.

अमेरिकेतील एफबीआय ही तपास संस्था पूर्वी कागदी फाइली वापरत असे. ही माहिती संगणकावर आणण्याचा एक प्रयत्न सुमारे १७ कोटी डॉलर खर्चूनही २००५ साली सोडून द्यावा लागला. २००६ साली ‘सेंटिनेल’ हे नवे काम सुरू झाले. २०१० पर्यंत ४५ कोटींपैकी सुमारे ४० कोटी डॉलर संपले. पण चारपैकी दोनच टप्पे पूर्ण झाले होते.

तेव्हा संस्थेने अजाइल रीत निवडली. कामांची यादी केली. सर्वांत गरजेचे काम आधी घेतले. दर दोन आठवड्यांनी झालेला भाग तपासला. २०१२ साली सेंटिनेल वापरात आले.

पुढे पैसे मिळोत वा न मिळोत, या रीतीत झालेला भाग हाती राहतो. मात्र ती सगळीकडे चालत नाही. अर्धा पूल कोणालाही पलीकडे नेत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी विचारावे : यातला थोडा भागही उपयोगी पडेल का?