पायाभूत वर्ष : कला आणि संकल्पन शिक्षणाचा श्रीगणेशा

चित्रकलेच्या शालेय परीक्षांत वरची श्रेणी मिळविलेला विद्यार्थी कला वा संकल्पनाच्या उच्च शिक्षणसंस्थेत दाखल होतो, तेव्हा त्याची पहिली निराशा बहुधा ठरलेली असते. महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांसाठी त्याने वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे सारे घोटलेले असते. शाळेतील फलकलेखन त्याच्याच हातचे आणि गणेशोत्सवातील सजावटही त्याचीच. आता आपणांस खरी चित्रकला शिकावयास मिळणार, या अपेक्षेने तो वर्गात बसतो. आणि त्याच्यापुढे येतात कोरे कागद, एक कातरी आणि जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी. रंगांची पेटी उघडावयास सांगितले जाते तेही चित्र काढण्यासाठी नव्हे, तर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या छटांची एक पट्टी रंगविण्यासाठी. घरची मंडळी विचारतात, ‘चित्र कधी शिकवणार?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर त्याच्यापाशी नसते, कारण त्या वर्षात चित्र शिकवावयाचेच नसते.

या वर्षास ‘फाउंडेशन’ अथवा पायाभूत वर्ष असे म्हणतात. पुढे जो चित्रकार होणार, जी कापडावरील नक्षीकाम करणार, जो खुर्च्या-टेबले घडविणार आणि जी मुद्राक्षरांची वळणे ठरविणार, ते सारे या वर्षी एकाच बाकावर बसतात. शाखेची निवड वर्षाच्या शेवटी. तोवर रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश आणि सामग्री यांच्याशी हाताने व डोळ्याने ओळख करून घ्यावयाची, एवढाच अभ्यासक्रम. ही कल्पना आज जगभर इतकी रुळली आहे की ती कोणाला तरी प्रथम सुचावी लागली असेल, हेही सहसा ध्यानात येत नाही.

त्यापूर्वी कलाशिक्षणाचा मार्ग निराळा होता. युरोपातील अकादमींमध्ये विद्यार्थी प्रथम नावाजलेल्या चित्रांच्या नकला करी, मग ग्रीक मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाश रेखाटी, आणि त्यात हात बसल्यावर जिवंत मनुष्याकृतीपर्यंत पोहोचे. मुंबईत 1857 साली निघालेल्या सर जे. जे. कलाशाळेतही अशा प्रतिकृतींवरून रेखाटन करविले जाई. या पद्धतीने हाताला विलक्षण सफाई येई, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र डोळ्यापुढे नमुना नसेल तेव्हा काय करावे, हे तिच्यातून कळत नसे. आणि यंत्रयुगात ज्या वस्तू घडवावयाच्या होत्या, त्यांचा नमुना ग्रीक मूर्तींत सापडणार नव्हता.

पहिले महायुद्ध संपल्यावर, 1919 साली, वॉल्टर ग्रोपियस या वास्तुशिल्पज्ञाने जर्मनीतील वायमार येथे ‘बाउहाउस’ ही शाळा काढली. कलाकार आणि कारागीर यांच्यातील भिंत पाडावी, असा तिचा उद्देश होता. तेथे येणाऱ्या मुलामुलींची तयारी सारखी नव्हती. काहीजण तर थेट युद्धभूमीवरून आलेले. या सर्वांना एका पातळीवर कसे आणावे, हा व्यावहारिक प्रश्न होता, आणि त्यातूनच प्रारंभी सहा महिन्यांचा व पुढे वर्षभराचा असा पूर्वाभ्यासक्रम जन्माला आला. तो रचला योहानेस इटेन या स्विस चित्रकाराने.

इटेनचे मूळ शिक्षण प्राथमिक शाळेतील शिक्षकाचे होते, ही गोष्ट त्याच्या चित्रकार असण्याइतकीच महत्त्वाची आहे. फ्रोबेलच्या बालवाडीत लहान मूल ठोकळे, चेंडू आणि दोरा हाताळून जग समजून घेते. तोच न्याय इटेनने वीस वर्षांच्या तरुणांना लावला. त्याच्या वर्गाचा आरंभ श्वसनाच्या व हातापायांच्या व्यायामाने होई. आखडलेल्या खांद्याने मोकळी रेषा निघत नाही, असे त्याचे मत होते. मग लाकूड, काच, लोकर, तार, झाडाची साल अशा वस्तू विद्यार्थ्यांनी चाचपून पाहावयाच्या आणि बोटांना जे कळले ते कागदावर उतरवावयाचे. खरखरीत आणि गुळगुळीत, मोठे आणि लहान, उजेड आणि काळोख अशा विरोधाच्या जोड्या शोधावयाच्या. इटेन एका गूढ पंथाचा अनुयायी होता. डोक्याचा गोटा आणि अंगात झग्यासारखा वेष अशा थाटात तो शाळेत वावरे. ग्रोपियसशी त्याचे पटेनासे झाले आणि 1923 साली तो बाहेर पडला. त्याआधी, 1922 च्या डिसेंबरात, कलकत्त्यास इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या कलावंतांची चित्रे मांडली गेली. त्यात क्ले आणि कांडिन्स्की यांच्याबरोबर इटेनच्याही कलाकृती होत्या. चित्रे आली खरी, पण ती घडविणाऱ्या शिक्षणपद्धतीस भारतात पोहोचण्यास आणखी चार दशके लागावयाची होती.

इटेननंतर पूर्वाभ्यासक्रमाची धुरा हंगेरियन कलावंत लास्लो मोहोली-नॉज आणि योझेफ आल्बेर्स या दोघांनी उचलली. आल्बेर्स हाही मूळचा शाळाशिक्षक. त्याच्या वर्गाची एक हकीकत त्याच्या विद्यार्थ्यांनी पुढे सांगितलेली आहे. तो वर्गात आला, त्याने वर्तमानपत्रे वाटली आणि त्यातून काहीतरी घडवावयास सांगितले. अट एवढीच की कागदाच्या अंगच्या गुणांचा मान राखावयाचा आणि काही वाया घालवावयाचे नाही. काही वेळाने तो परतला तेव्हा कोणी किल्ला केला होता, कोणी होडी, कोणी एखादा प्राणी. त्या सर्वांकडे पाहून त्याने म्हटले की, या वस्तू दुसऱ्या कशाच्या तरी घडवावयास हव्या होत्या. मग त्याची दृष्टी एका अगदी साध्या दिसणाऱ्या कामाकडे वळली. त्या विद्यार्थ्याने कागद केवळ उभ्या घड्या घालून पंख्यासारखा उभा केला होता. एरवी आडवा पडून राहणारा लुळा कागद घडीमुळे ताठ उभा राहतो, आणि टेबलावर ठेवल्यावर जी बाजू कधीच दिसत नाही ती बाजूही आता दिसू लागते. कागदाने कागद म्हणूनच जे करावे ते येथे केले, असे आल्बेर्सचे म्हणणे.

ही हकीकत वरवर पाहता खेळकर आहे, पण पायाभूत वर्षाचे सारे मर्म तिच्यात आहे. पन्हाळीचा पत्रा सपाट पत्र्यापेक्षा अधिक भार का सोसतो, पुठ्ठ्याच्या खोक्यात नागमोडी कागदाचा थर का घालतात, हे ज्याने स्वतःच्या बोटांनी कागद मोडून ताडून पाहिले त्याला सूत्र पाठ करावे लागत नाही. आणि किल्ला करणाऱ्या विद्यार्थ्याचे चुकले कोठे, तर त्याने कागदाला विचारलेच नाही; डोक्यात आधीच असलेले चित्र त्याच्यावर लादले.

करड्या छटांच्या पट्टीचेही असेच आहे. पांढरा आणि काळा यांच्यामध्ये सारख्या अंतराच्या सात-आठ पायऱ्या करावयाच्या. विद्यार्थी प्रत्येक पायरीस काळ्या रंगाचे तेवढेच थेंब मिसळीत जातो, आणि फसतो. पांढऱ्यात पडलेला पहिला थेंब मोठा फरक घडवून आणतो. तोच थेंब गडद करड्यात पडला तर दिसतही नाही. डोळा रंगाची भर मोजीत नाही, तो प्रमाण मोजतो. म्हणून पायऱ्या सारख्या दिसाव्यात तर काळ्याचे प्रमाण वाढत्या वेगाने चढवावे लागते. चार-पाच पट्ट्या फाडून टाकल्यावर हे उमगते आणि मग सहसा विसरले जात नाही. आल्बेर्सने पुढे अमेरिकेत, विशेषतः येल विद्यापीठात, याच दिशेने रंगांचा अभ्यास शिकविला. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे, एक काळ्यावर आणि एक पांढऱ्यावर ठेवले, तर ते एकाच कागदाचे आहेत हे डोळा मान्य करीत नाही. रंगविण्यापेक्षा रंगीत कागदच वापरावेत असा त्याचा आग्रह होता. कुंचला हाती आला की लक्ष कारागिरीकडे जाते आणि तुलना बाजूस राहते. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या त्याच्या ग्रंथात हे प्रयोग आहेत.

1933 साली नाझी राजवटीत बाउहाउस बंद पडले आणि तेथील शिक्षक पांगले. आल्बेर्स अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात गेला, मोहोली-नॉज याने 1937 साली शिकागोत नवे बाउहाउस काढले. 1953 साली जर्मनीतील उल्म येथे नवी संकल्पन शाळा सुरू झाली. चित्रकलेपेक्षा गणित आणि शास्त्र यांच्या अंगाने जाणारी ही शाळा 1968 पर्यंत चालली. ब्रिटनमध्ये व्हिक्टर पास्मोर आणि रिचर्ड हॅमिल्टन यांनी न्यूकॅसल येथे व हॅरी थुब्रॉन यांनी लीड्स येथे ‘बेसिक डिझाइन’ या नावाने असेच वर्ग चालविले. पुढे 1960 साली विल्यम कोल्डस्ट्रीम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कलेच्या तीन वर्षांच्या पदविकेपूर्वी किमान एक वर्षाचा पूर्वतयारीचा अभ्यास असावा, अशी शिफारस केली.

त्या देशात या वर्षाची आता दोन रूपे आढळतात. एक, गावातील महाविद्यालयात केलेले स्वतंत्र वर्ष : विद्यार्थी आपल्या कामांचा संग्रह घेऊन नंतर कोणत्याही विद्यापीठाकडे अर्ज करू शकतो. दुसरे, विद्यापीठातच चार वर्षांच्या पदवीचे पहिले पाऊल म्हणून असलेले वर्ष. दुसऱ्यात पुन्हा प्रवेशाची धाकधूक नाही; परंतु विद्यापीठाचे शुल्क एका वर्षाने वाढते आणि जेथे आरंभ केला तेथेच शेवट करण्याकडे कल राहतो. ज्या वर्षाचे प्रयोजनच मुळी ‘मला काय व्हावयाचे आहे’ हे शोधणे, ते मोकळे असलेले बरे, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि घरची ओढाताण असलेल्या विद्यार्थ्यास सुरक्षितता अधिक मोलाची वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही.

भारतात ही परंपरा आली ती उद्योगाच्या वाटेने. सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य देशभर हिंडले आणि 1958 साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्यातील लोट्यावरील विवेचन प्रसिद्ध आहे. आपल्या स्वयंपाकघरातील हे साधे भांडे त्यांना सर्वांत सुंदर वस्तूंपैकी एक वाटले. ते एका माणसाने घडविले नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी घडविले. आणि तसे भांडे आज कोणास नव्याने घडवावयाचे झाल्यास त्याला किती गोष्टींचा विचार करावा लागेल, याची त्यांनी लांबलचक यादी दिली. पाणी किती मावावे, ते कमरेवर न्यावयाचे की डोक्यावर, भरलेले असताना तोल कोठे राहतो आणि रिकामे असताना कोठे, ओतताना धार कशी पडते, हाताला त्याचा स्पर्श कसा लागतो, त्याची किंमत किती. पायाभूत वर्षात एखादी वस्तू कशी पाहावी, याचा याहून चांगला धडा क्वचितच सापडेल.

या अहवालातून 1961 साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय संकल्पन संस्था उभी राहिली. गौतम आणि गिरा साराभाई या बंधुभगिनींचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. शालान्त शिक्षण संपविलेल्या मुलामुलींसाठी तेथे 1970 साली अभ्यासक्रम सुरू झाला, आणि त्याच्या आरंभी पायाभूत शिक्षण होते. रेखाटन, भूमिती, रंग, आकाररचना, सामग्री हे विषय उल्मची आणि बाउहाउसची आठवण करून देणारे. एक विषय मात्र या मातीतला : विद्यार्थ्यांनी काही काळ एखाद्या गावी जाऊन राहावयाचे, तेथील माणसे घरे कशी बांधतात, पाणी कसे साठवितात, हत्यारे कशी दुरुस्त करतात हे पाहून टिपून आणावयाचे. मुंबईच्या आयआयटीत 1969 साली संकल्पनाचे केंद्र उभे राहिले, त्याची घडी बसविणारे प्राध्यापक सुधाकर नाडकर्णी हे जे. जे. कलाशाळेत शिकून पुढे उल्मला गेलेले. एका मराठी माणसाच्या शिक्षणात प्लॅस्टरच्या मूर्ती आणि उल्मचे गणित असे एकत्र आले.

या पद्धतीवर आक्षेप नाहीत असे नाही. कागदाच्या घड्या हा आल्बेर्सचा शोध होता. पन्नासाव्या वर्गात तीच घडी हा केवळ एक विधी उरतो. अनेक संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांत त्याच काळ्या ठिपक्यांच्या आणि चौकोनांच्या रचना भिंतींवर टांगलेल्या दिसतात, आणि त्या करणाऱ्यास त्यामागील प्रश्न ठाऊक असतोच असे नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विणकराच्या किंवा कुंभाराच्या घरातून आलेल्या मुलाच्या हातात सामग्रीचे ज्ञान आधीपासूनच असते. त्याने ते ज्ञान कोऱ्या पाटीसारखे पुसून यावे, अशी अपेक्षा अन्यायाची होईल. शांतिनिकेतनात कलाभवनाची स्थापनाही 1919 सालचीच, म्हणजे बाउहाउसच्या बरोबरीची. तेथे नंदलाल बोस यांनी विद्यार्थ्यांना झाडाखाली, शेतात, लोककलेच्या सान्निध्यात नेले आणि पाटी पुसण्याची गरज त्यांना वाटली नाही. बडोद्यात के. जी. सुब्रमण्यन यांनीही हस्तव्यवसायांची परंपरा कलाशिक्षणात जिवंत ठेवली. तिसरी अडचण भाषेची. कामे भिंतीवर लावून शिक्षकांपुढे त्यांची चर्चा होते तेव्हा मराठी किंवा गुजराती माध्यमातील मुलाला हाताने जे साधले ते इंग्रजीत सांगता येत नाही, आणि सफाईने बोलणाऱ्याचे साधे काम भाव खाऊन जाते. येथे जागरूक राहावयाचे असते ते शिक्षकाने.

वर्ष संपते तेव्हा शाखा निवडावयाची असते. चित्रकार होण्यासाठी आलेली एखादी मुलगी चिनीमातीकडे वळते. यंत्रांची आवड असलेला मुलगा अक्षरांत रमतो. घरी हे समजावून सांगणे सोपे नसते. निवडीच्या वेळी जाणते परीक्षक रंगवून चौकटीत बसविलेल्या कामांवर फार वेळ थांबत नाहीत. ते कच्ची वही मागतात, आणि फाटलेल्या पट्ट्या, खोडलेल्या रेषा, समासात लिहिलेले प्रश्न यांची पाने सावकाश उलटतात.