घरचे चित्र परगावी कसे पोचते?

२००२ सालची गोष्ट. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ब्लेक व जेसन क्रिकोरियन हे दोघे बंधू राहत. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स हा त्यांचा आवडता बेसबॉल संघ. त्या वर्षी तो थेट अंतिम मालिकेपर्यंत पोचला. आणि हे दोघे कामानिमित्त सारखे परगावी! तेथे आपल्या संघाचे सामने दिसण्याची पंचाईत. घरी मात्र केबल जोडलेली, तिचे पैसे दरमहा भरलेले, आणि पुढची खुर्ची रिकामी. घरचे चित्र आपल्यामागे परगावी का येऊ नये? या प्रश्नातून ‘स्लिंगबॉक्स’ ही पेटी जन्मली. ३० जून २००५ रोजी ती अमेरिकेत विक्रीस आली. किंमत सुमारे २५० डॉलर होती.

जोडणी अगदी साधी. केबलच्या सेट-टॉप बॉक्समधून निघणाऱ्या चित्राच्या व आवाजाच्या तारा या पेटीत खोचायच्या आणि पेटीतून एक तार घरातील राउटरला जोडायची. खरे काम यानंतर पेटीच्या पोटात चाले.

थोडे गणित करून पाहू. पडद्यावर आडवे ६४० व उभे ४८० चित्रबिंदू आहेत असे समजा. म्हणजे एकूण ३,०७,२०० बिंदू झाले. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास २४ बिटे लागतात आणि सेकंदाला ३० चित्रे दाखवायची असतात. गुणाकार करा : सेकंदाला २२,११,८४,००० बिटे! आता घरातून बाहेर जाणारी वाट बघा. घरगुती जोडणी बहुधा माहिती घरात आणण्यासाठी रुंद आणि बाहेर पाठवण्यासाठी अरुंद ठेवलेली असते. ही पेटी नेमकी उलट दिशेने पाठवणार! बाहेरची क्षमता सेकंदाला अडीच लाख बिटे धरली, तर आपले चित्र तिच्या जवळजवळ ९०० पट मोठे आहे.

मग करायचे काय? लांबी-रुंदी निम्मी केली की बिंदू चौथाईवर येतात. उरलेले काम ‘संक्षेपण’ करते. बातम्या सांगणाऱ्या माणसामागची भिंत हलत नाही. मग ती सेकंदाला तीसदा पाठवायची कशाला? एकदा पूर्ण चित्र पाठवायचे आणि पुढे केवळ बदल कळवायचे. सामन्यात मात्र कॅमेरा फिरतो, प्रेक्षक उसळतात, सारेच बदलते. म्हणजे ज्या खेळासाठी ही पेटी जन्मली, तोच तिला सर्वांत जड जाई! वाट अधिक अरुंद झाली की पेटी आपणहून चित्राची प्रत उतरवी.

वाहिनी बदलण्याची युक्ती मजेदार होती. पेटीला जोडलेला एक छोटा दिवा सेट-टॉप बॉक्ससमोर ठेवीत. प्रवासी दूरवरून बटण दाबी, आज्ञा पेटीकडे येई आणि तो दिवा रिमोटप्रमाणेच अवरक्त किरण सोडी. परिणाम दिसायला काही सेकंद लागत. त्याच बॉक्सवर घरची मंडळी काही पाहत असतील, तर त्यांचीही वाहिनी अचानक बदले. घरोघरी काय संवाद झडले असतील, याची कल्पना करा!

आता सर्वांत नाजूक भाग : पत्ता. राउटर घरातील प्रत्येक उपकरणाला क्रमांक देतो. पण तसेच क्रमांक लाखो घरांत असतात. पाकिटावर नुसते ‘खोली क्रमांक ४’ लिहिले, तर पोस्टमन कोणत्या चाळीत जाईल? शिवाय घराचा बाहेरचा पत्ताही अधूनमधून बदलतो आणि न बोलावता आलेला संदेश राउटर टाकून देतो. म्हणून राउटरला सांगून ठेवावे लागे, की ‘५००१ क्रमांकाच्या दारावर येईल ते या पेटीकडे धाड.’ बदलता पत्ता शोधण्यासाठी कंपनीचे संगणक होते. प्रत्येक पेटीला स्वतःची ओळखखूण असे; ती दाखवली की हे संगणक आजचा पत्ता सांगत.

एकोस्टार या कंपनीने २००७ साली ३८ कोटी डॉलरना हा उद्योग विकत घेतला. पुढे चित्रपट, मालिका आणि सामने थेट इंटरनेटवरच मिळू लागले आणि पेटीची मागणी ओसरली. नोव्हेंबर २०२० मध्ये विक्री बंद झाल्याचे जाहीर झाले. दोन वर्षांनी, ९ नोव्हेंबर २०२२ रोजी, पत्ता सांगणारे ते संगणकही बंद करण्यात आले. लोकांच्या कपाटांवरील पेट्या धडधाकट होत्या, घरची केबलही चालू होती. पण कंपनीच्या ॲपला पेटीपर्यंतची वाट सापडेना. विकत घेतलेली वस्तू अशी दुसऱ्याच्या हातून मुकी व्हावी, हे मला तरी न्याय्य वाटत नाही.

काही हौशी मंडळींनी पेटीची भाषा उलगडून स्वतःचे प्रोग्रॅम लिहिले. त्यांच्या मदतीने काही पेट्या पुन्हा बोलू लागल्या. फक्त आपल्या घराचा आजचा पत्ता काय आणि राउटरचे कोणते दार उघडायचे, हे आता ज्याचे त्याला ठाऊक असावे लागते.